साच्याबाहेरची रिटा मोरेनो

रिटा मोरेनो या पोर्तो रिकोत जन्मलेल्या अमेरिकी अभिनेत्रीला १९६२ साली ‘वेस्ट साइड स्टोरी’ या चित्रपटासाठी सहायक अभिनेत्रीचे ऑस्कर मिळाले. अभिनयासाठी ऑस्कर मिळवणारी ती पहिली लॅटिना, म्हणजे लॅटिन अमेरिकी वंशाची स्त्री. पुढच्या पंधरा वर्षांत ग्रॅमी (संगीत), टोनी (रंगभूमी) आणि एमी (दूरचित्रवाणी) हे पुरस्कारही तिच्याकडे आले. चारही पुरस्कार मिळवलेल्या कलावंतांत ती तिसरी. नुसती ही यादी वाचली तर एकेक पायरी वर चढत गेलेली कारकीर्द डोळ्यांसमोर येते. प्रत्यक्षात ऑस्करच्या आधीची दहा वर्षे मोरेनो यांनी अनवाणी, अर्धवट इंग्रजी बोलणाऱ्या, गोऱ्या नायकासाठी जीव टाकणाऱ्या मुली रंगवण्यात घालवली. आणि ऑस्कर मिळाल्यावर त्यांच्याकडे पुन्हा तशाच भूमिका आल्या. तो साचा शेवटी मोडला, पण त्याला काही दशके लागली आणि ते काम मुख्यतः हॉलिवूडच्या बाहेर, रंगभूमीवर आणि दूरचित्रवाणीवर झाले.

हा साचा मोरेनो यांच्या आधीपासून तयार होता. बोलपट आले तेव्हा पडद्यावरच्या माणसाचे उच्चार ऐकू येऊ लागले आणि स्पॅनिश वळणाचे इंग्रजी हा विनोदाचा हुकमी विषय बनला. मेक्सिकोत जन्मलेल्या लूपे व्हेलेस या गुणी नटीला १९३९ ते १९४३ या काळात ‘मेक्सिकन स्पिटफायर’ नावाच्या चित्रपटमालिकेत सतत भांडणारी, चुकीचे इंग्रजी बोलणारी बायको उभी करावी लागली. ब्राझीलची गायिका कार्मेन मिरांडा डोक्यावर फळांची टोपली घेऊन नाचली आणि जगभर तेवढ्यासाठीच ओळखली गेली. दुसरी वाट होती आपले मूळ पुसून टाकण्याची. मार्गारिता कार्मेन कान्सिनो या स्पॅनिश नर्तकाच्या मुलीचे केस रंगवण्यात आले, कपाळावरची केसांची रेघ विजेच्या उपचाराने मागे सरकवण्यात आली, आणि त्यातून रिटा हेवर्थ ही तारका घडली. चित्रपट-अभ्यासक चार्ल्स रामिरेस बर्ग यांनी हॉलिवूडमधल्या लॅटिनो पात्रांचे सहा ठोकळे सांगितले आहेत. त्यांतले तीन स्त्रियांचे: बेलगाम वागणारी चवचाल बाई, हास्यास्पद विदूषकी आणि गूढ, दुरून खुणावणारी सुंदरी. चौथी स्त्री या यादीत नाही, कारण ती पडद्यावर फारशी नव्हतीच.

मोरेनो यांचे मूळ नाव रोसा डोलोरेस अल्व्हेरिओ. जन्म ११ डिसेंबर १९३१, पोर्तो रिकोतल्या उमाकाओ गावचा. बालपण जवळच्याच हुंकोस या गावातले. वडील शेतकरी, आई शिवणकाम करणारी. पोर्तो रिको हे बेट १८९८ पासून अमेरिकेच्या ताब्यात आहे आणि १९१७ पासून तिथल्या लोकांना अमेरिकेचे नागरिकत्व आहे. म्हणजे रोसिता जन्मानेच अमेरिकी नागरिक होती, आणि तरीही पुढची अनेक वर्षे तिला ‘परदेशी’ बायकांच्याच भूमिका मिळायच्या होत्या. आईवडील वेगळे झाले आणि १९३६ मध्ये आई पाच वर्षांच्या मुलीला घेऊन न्यू यॉर्कला आली. धाकटा भाऊ फ्रान्सिस्को बेटावरच राहिला. आईने त्याला नंतरही आणले नाही. ही ताटातूट मोरेनो यांनी आयुष्यभर मनात बाळगली आणि आत्मचरित्रात मोकळेपणाने लिहिली.

न्यू यॉर्कच्या थंडीत, इंग्रजीचा एक शब्दही न येता, रोसिता शाळेत दाखल झाली. रस्त्यावर पोर्तो रिकन मुलांना शिव्या ऐकाव्या लागत, गोऱ्या पोरांच्या टोळ्यांपासून पळावे लागे. आपण कमी दर्जाचे आहोत ही भावना त्या वयात मनात रुजली आणि ती काढून टाकायला अनेक वर्षे मानसोपचार घ्यावे लागले, असे त्यांनी पुढे वारंवार सांगितले आहे. घरात मात्र ती नाचत असे. आईच्या एका मैत्रिणीच्या ध्यानात ते आले आणि तिला पाको कान्सिनो या नृत्यशिक्षकाकडे नेण्यात आले. हे पाको रिटा हेवर्थचे काका. अकराव्या वर्षी ती अमेरिकी चित्रपटांच्या स्पॅनिश आवृत्त्यांना आवाज देऊ लागली आणि १९४५ मध्ये, तेराव्या वर्षी, ‘स्कायड्रिफ्ट’ या नाटकातून ब्रॉडवेवर उभी राहिली. नाटक काही प्रयोगांतच बंद पडले. पण ती पोटासाठी काम करत राहिली, आणि सोळाव्या वर्षी शाळा सुटली ती कायमची.

त्या काळात कोणत्याही लॅटिना मुलीला आदर्श म्हणून पाहावे अशी पोर्तो रिकन नटी पडद्यावर नव्हती. रोसिताने एलिझाबेथ टेलरला आदर्श मानले. एमजीएम स्टुडिओचे सर्वेसर्वा लुइस बी. मेयर न्यू यॉर्कच्या वॉल्डॉर्फ-अस्टोरिया हॉटेलात तिला भेटायला तयार झाले, तेव्हा मायलेकींनी भुवया, केस, कमरेचा पट्टा, सगळे टेलरसारखे जमवले. मेयर यांना ही ‘स्पॅनिश एलिझाबेथ टेलर’ वाटली आणि त्यांनी जागच्या जागी करार देऊ केला. निवड झाली तीही दुसऱ्या कुणाची तरी छटा म्हणून, ही गोष्ट पुढच्या सगळ्या वर्षांची चुणूक होती. पाठोपाठ स्टुडिओने नावाला कात्री लावली. रोसिता फार ‘परकी’ वाटते म्हणून हेवर्थवरून रिटा. मोरेनो हे सावत्र वडिलांचे आडनाव, ते राहिले.

हॉलिवूडमध्ये त्या वेळी स्टुडिओ नटनट्यांना अनेक वर्षांच्या करारावर ठेवत आणि कोणती भूमिका कुणी करायची हे स्टुडिओच ठरवी. १९५० साली ‘पेगन लव्ह साँग’मध्ये मोरेनो यांना ताहिती बेटावरची मुलगी करायला मिळाली. १९५२ च्या ‘सिंगिंग इन द रेन’मध्ये सहदिग्दर्शक जीन केली यांनी त्यांना झेल्डा झँडर्स ही मूकपटांतली नखरेल नटी दिली. भूमिका लहानशी, डोक्यावर लाल केसांचा टोप. पण त्या झेल्डाला वंश नव्हता, उच्चार नव्हता, ती फक्त एक नटी होती. अशी भूमिका त्या दशकात जवळजवळ पुन्हा आलीच नाही. एमजीएमने करार संपवला आणि मोरेनो पडेल ते काम करू लागल्या. ‘द यलो टॉमहॉक’ (१९५४) मध्ये त्या हनी बेअर ही आदिवासी अमेरिकन मुलगी होत्या. त्याच वर्षी ‘लाइफ’ साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर त्यांचे छायाचित्र आले आणि ट्वेंटिएथ सेंच्युरी फॉक्सने त्यांना करारबद्ध केले. पण मुखपृष्ठामुळे भूमिकांचा दर्जा वाढला नाही.

‘सेव्हन सिटीज ऑफ गोल्ड’ (१९५५) हा या सगळ्याचा नमुना म्हणून पाहता येतो. कॅलिफोर्नियात शिरलेल्या स्पॅनिश सैनिकावर उला ही स्थानिक मुलगी प्रेम करते. तो तिला सोबत न्यायला नकार देतो. ती कड्यावरून पडून मरते. तिच्या मृत्यूमुळे पुरुषांचा संघर्ष पुढे सरकतो आणि चित्रपट तिला विसरतो. ताहिती, आदिवासी अमेरिकन, मेक्सिकन, अरब, आशियाई अशा कितीतरी मुली मोरेनो यांनी रंगवल्या आणि त्या सगळ्यांसाठी एकच मोडका, कुठल्याच देशाचा नसलेला उच्चार स्वतः तयार केला. दिग्दर्शकांपैकी कुणी त्याबद्दल तक्रार केली नाही. हा तपशील त्यांनी मुलाखतींत हसत सांगितला असला तरी त्यात साच्याची पूर्ण रीत दिसते: पात्र कुठले आहे याला महत्त्व नव्हते, ते ‘आपले’ नाही एवढे प्रेक्षकाला कळणे पुरेसे होते.

अशा भूमिका कुणा एका दिग्दर्शकाच्या खोडीतून येत नव्हत्या. १९३० च्या दशकापासून हॉलिवूडने स्वतःवर घालून घेतलेल्या हेज नियमावलीत गोऱ्या आणि काळ्या व्यक्तींमधले प्रेमसंबंध दाखवण्यास मनाई होती, आणि व्यवहारात तिचा धाक इतर वंशांच्या प्रेमकथांवरही पडला. गोरा नायक आणि सावळी मुलगी यांचे लग्न लावता येत नसेल तर लेखकापुढे वाटा थोड्याच राहतात. तिला सोडून द्यायचे, किंवा मारून टाकायचे. दुसरीकडे, लॅटिनो पात्र खरोखर मोठे असले की ते गोऱ्या ताऱ्याकडे जाई. ‘व्हिवा झपाटा!’ (१९५२) मधला मेक्सिकन क्रांतिकारक मार्लन ब्रँडो यांनी केला, ‘टच ऑफ ईव्हिल’ (१९५८) मधला मेक्सिकन अधिकारी चार्ल्टन हेस्टन यांनी. म्हणजे लॅटिनो नटाला लॅटिनो नायकही मिळत नव्हता आणि साधा अमेरिकी माणूसही. उरत होत्या मोलकरणी, नर्तकी, दरोडेखोर.

याचा घाव मोरेनो यांच्या खासगी आयुष्यावरही पडला. पडद्यावर जिला सहज हाती लागणारी बाई म्हणून विकले जात होते, तिच्याशी पडद्याबाहेरचे पुरुषही तसेच वागत. त्यांच्या एजंटानेच त्यांच्यावर बलात्कार केला, आणि मदत करणारा दुसरा कुणी नसल्यामुळे त्यांनी त्यालाच एजंट म्हणून ठेवले, हे त्यांनी उतारवयात कॅमेऱ्यासमोर सांगितले. ब्रँडो यांच्याशी सुमारे आठ वर्षे चाललेले नाते त्यांना पोखरत गेले. १९६१ मध्ये त्यांनी झोपेच्या गोळ्या घेऊन आत्महत्येचा प्रयत्न केला. या घटनेची तारीख ध्यानात घेण्याजोगी आहे. ज्या वर्षी ‘वेस्ट साइड स्टोरी’ चित्रपटगृहांत लागला, तेच हे वर्ष.

त्या चित्रपटापर्यंतचा रस्ता ‘द किंग अँड आय’ (१९५६) मधून गेला. सयामच्या राजाला भेट म्हणून आलेली ब्रह्मदेशी दासी तुप्तिम ही भूमिका पुन्हा परदेशी मुलीचीच होती, पण तिला बुद्धी होती आणि राग होता. गुलामगिरीविरुद्धची अमेरिकी कादंबरी ती राजाच्या दरबारात नृत्यनाट्य म्हणून मांडते आणि राजालाच आरसा दाखवते. या नृत्यांची रचना जेरोम रॉबिन्स यांची होती. त्यांनी ही मुलगी लक्षात ठेवली.

रॉबिन्स, संगीतकार लेनर्ड बर्नस्टाइन, नाटककार आर्थर लॉरेन्ट्स आणि गीतकार स्टीफन साँडहाइम यांनी रोमिओ-ज्युलिएटची गोष्ट न्यू यॉर्कच्या गल्ल्यांत आणली आणि १९५७ मध्ये ‘वेस्ट साइड स्टोरी’ हे संगीत नाटक ब्रॉडवेवर आले. गोऱ्या पोरांची ‘जेट्स’ ही टोळी, पोर्तो रिकन पोरांची ‘शार्क्स’ ही टोळी, आणि दोन्हींच्या मधोमध मारिया आणि टोनी. (वास्को शहरात घडणारा ‘जोश’ हा २००० सालचा हिंदी चित्रपट अनेक वाचकांना आठवेल, त्यातल्या दोन टोळ्या आणि त्यांच्यामधले प्रेमी याच कथानकाची आठवण करून देतात.) नाटकात अनिता ही भूमिका चिता रिव्हेरा यांनी गाजवली होती. चित्रपटासाठी मोरेनो यांची निवड झाली ती चाचण्या देऊन. मधल्या वर्षांत नृत्याचा सराव तुटला होता, म्हणून त्यांनी आधी कसून तालीम केली. दिग्दर्शन रॉबर्ट वाइज आणि रॉबिन्स यांचे. रॉबिन्स यांना खर्च आणि वेळ वाढवल्याबद्दल मध्येच काढून टाकण्यात आले, पण तोवर त्यांनी बसवलेली नृत्ये चित्रपटाचा कणा बनली होती.

अनिता ही मारियाच्या भावाची, बर्नार्डोची प्रेयसी. शिवणकाम करणारी, स्वतःची मते असणारी, पुरुषांशी तोंडावर वाद घालणारी. अमेरिकेत राहण्यात काय मिळते आणि काय गमवावे लागते याची जुगलबंदी गच्चीवरच्या नृत्यगीतात आहे. नाटकातल्या मूळ गाण्यात पोर्तो रिको बेटाची टिंगल फार होती; ते शब्द तोंडी घ्यावे लागले तर ही भूमिका सोडावी लागेल, अशी धास्ती मोरेनो यांना वाटत होती. चित्रपटासाठी साँडहाइम यांनी गीत बदलले, त्यात पुरुषांच्या तोंडी अमेरिकेतल्या भेदभावाची तक्रार आली आणि एकतर्फी थट्टेचे खरे भांडण झाले. हा बदल फार मोलाचा आहे. आधीच्या दशकात मोरेनो यांच्या पात्रांना एखाद्या देशाबद्दल मत असण्याची सोयच नव्हती.

चित्रपटाच्या शेवटाकडे अनिता टोनीसाठी निरोप घेऊन जेट्सचा अड्डा असलेल्या दुकानात जाते. तिथे जेट्सची पोरे तिला अडवतात, शिव्या देतात, तिच्यावर बळजबरी करू पाहतात. ती कशीबशी सुटते आणि संतापाच्या भरात खोटे सांगते की मारिया मेली. त्या खोट्यामुळेच पुढचा अनर्थ घडतो. हे दृश्य चित्रित होत असताना मोरेनो यांना लहानपणीचे सगळे आठवले आणि त्या हमसून रडू लागल्या. समोरचे तरुण नट त्यांची समजूत काढू लागले. पडद्यावर दिसणारी भीती पाहताना हे माहीत असले की त्या दृश्याचे वजन वेगळेच जाणवते. अनिता मरत नाही. तिचा नवरा होऊ घातलेला पुरुष मारला गेला आहे, तिची अब्रू लुटण्याचा प्रयत्न झाला आहे, आणि तरीही ती ताठ उभी राहून शेवटचा घाव घालून जाते. मोरेनो यांनी म्हटले आहे की आयुष्यात ज्या आदर्शाची उणीव होती तो आदर्श त्यांना अनितातच सापडला.

पण हा चित्रपटही साच्यातून पूर्ण सुटलेला नव्हता. मारिया झाल्या नॅटली वुड, रशियन स्थलांतरितांची मुलगी. गायला मार्नी निक्सन यांचा आवाज. बर्नार्डो झालेले जॉर्ज चकिरिस ग्रीक वंशाचे. शार्क्स टोळीतल्या सगळ्यांच्या तोंडावर एकाच गडद रंगाचा थर दिला गेला, मोरेनो यांच्याही. पोर्तो रिकोची माणसे गोरीही असतात आणि काळीही, सगळ्यांचा एकच रंग कसा, असे त्यांनी रंगभूषाकाराला विचारले, तर त्याने उलट त्यांनाच वंशद्वेषी आहात का म्हणून प्रश्न केला. पोर्तो रिकन अभ्यासक फ्रान्सिस नेग्रोन-मुंतानेर यांच्यासारख्यांनी पुढे या चित्रपटाची कठोर चिकित्सा केली: कित्येक अमेरिकींनी पोर्तो रिकन समाज पहिल्यांदा पाहिला तो असा, सुरे घेतलेल्या पोरांचा समाज म्हणून. टीका रास्त आहे. अनिता मात्र त्या टीकेतूनही तावून सुलाखून बाहेर येते, आणि त्याचे श्रेय लिखाणाइतकेच नटीला द्यावे लागते.

ऑस्कर समारंभ ९ एप्रिल १९६२ रोजी झाला. मोरेनो फिलिपिन्समध्ये एका चित्रपटाचे काम करत होत्या, तिथून आल्या. अंगात मनिलात शिवलेला झगा होता. प्रतिस्पर्ध्यांत ज्यूडी गार्लंड होत्या, तेव्हा आपल्याला काही मिळणार नाही असेच त्यांनी धरले होते. नाव पुकारले गेले आणि दोन-तीन वाक्यांतच भाषण संपले. चित्रपटाला एकूण १० ऑस्कर मिळाले. न्यू यॉर्कच्या ईस्ट हार्लेममधल्या पोर्तो रिकन वस्तीत लोकांनी खिडक्यांतून डोकी काढून आरोळ्या ठोकल्या.

आणि मग काम थांबले. आले ते आणखी टोळीयुद्धांचे चित्रपट, तेही अनितापेक्षा हलक्या भूमिकांचे. मोरेनो यांनी ते नाकारले. एरवी अशा नकाराची किंमत कुणी मोजत नाही, पण ती मोजायला हवी: हाती ऑस्कर असलेली, वयाची तिशी नुकतीच ओलांडलेली नटी साठच्या दशकाचा उरलेला बहुतेक काळ हॉलिवूडच्या पडद्यापासून दूर राहिली. त्या लंडनला गेल्या, रंगभूमीवर परतल्या, १९६४ मध्ये लोरेन हॅन्सबेरी यांच्या ‘द साइन इन सिडनी ब्रुस्टाइन्स विंडो’ या नाटकात काम केले. २८ ऑगस्ट १९६३ रोजी वॉशिंग्टनमधल्या नागरी हक्क मोर्चात त्या होत्या. १९६५ मध्ये हृदयरोगतज्ज्ञ लेनर्ड गॉर्डन यांच्याशी लग्न झाले, दोन वर्षांनी मुलगी झाली. चित्रपट पुन्हा सुरू झाले ते दशकाच्या अखेरीला.

खरी सुटका लहान मुलांच्या कार्यक्रमातून झाली, हे थोडे अनपेक्षित वाटेल. ‘द इलेक्ट्रिक कंपनी’ (१९७१–७७) हा अमेरिकेच्या सार्वजनिक दूरचित्रवाणीवरचा कार्यक्रम प्राथमिक शाळेतल्या, वाचनात मागे पडणाऱ्या मुलांसाठी होता. त्यात मॉर्गन फ्रीमनही होते. मोरेनो कधी आरडाओरडा करणारी दिग्दर्शिका, कधी दूधवाली, कधी खोडकर पोरगी. सुरुवातीला त्यांनी मारलेली हाक ही त्या पिढीची खूण बनली. एका आठवड्यात त्या जितक्या वेगवेगळ्या माणसांचे सोंग घेत तितकी विविधता स्टुडिओने त्यांना दहा वर्षांत दिली नव्हती. या कार्यक्रमाच्या ध्वनिमुद्रिकेसाठी १९७२ सालचे ग्रॅमी मिळाले.

पाठोपाठ आली गूगी गोमेझ. मोरेनो मित्रमंडळींत एका पात्राची नक्कल करत असत: भयंकर उच्चार, गाता गळा नाही, पण आपण ब्रॉडवेवर चमकणार याची ठाम खात्री असलेली पोर्तो रिकन गायिका. नाटककार टेरेन्स मॅकनॅली यांनी ती एकदा पाहिली आणि तिच्यासाठी ‘द रिट्झ’ (१९७५) या प्रहसनात भूमिकाच लिहिली. काही लॅटिनो प्रेक्षकांना हे खटकले. इतकी वर्षे ज्या उच्चारांनी अपमान केला, तेच पुन्हा? पण येथे एक मूलभूत फरक आहे. उला किंवा हनी बेअरसाठी उच्चार मागणारा दुसरा होता. गूगी मोरेनो यांनी स्वतः घडवली होती, आणि त्यांच्या सांगण्याप्रमाणे त्यातला टोला पोर्तो रिकन बायकांना नव्हता, तसली पात्रे लिहिणाऱ्या लेखकांना होता. शिवाय गूगी कुणाही पुरुषाची वाट पाहत झुरत नाही. तिला काम हवे आहे, टाळ्या हव्या आहेत, आणि त्या मिळवायला ती कुणालाही ढकलून पुढे जाईल. या भूमिकेने टोनी मिळवून दिला आणि १९७६ मध्ये रिचर्ड लेस्टर यांच्या चित्रपटातही ती मोरेनो यांनीच केली.

१९७७ मध्ये ‘द मपेट शो’मधल्या हजेरीसाठी एमी मिळाले आणि चार पुरस्कारांचे वर्तुळ पूर्ण झाले. त्यांच्या आधी संगीतकार रिचर्ड रॉजर्स आणि, त्याच वर्षी काही महिने आधी, अभिनेत्री हेलन हेज यांनी ते साधले होते. दुसरे एमी १९७८ मध्ये ‘द रॉकफर्ड फाइल्स’साठी. ऐंशीच्या दशकात अनेक कामे आली, ‘द फोर सीझन्स’ (१९८१) सारखा चांगला चित्रपटही आला, तरी मध्यमवयीन लॅटिना नटीसाठी मध्यवर्ती भूमिका लिहिणारे कुणी नव्हते. पिढीतल्या इतरांची स्थिती याहून वाईट होती. मेक्सिकन-अमेरिकन अभिनेत्री लूपे ओंतिवेरोस यांनी स्वतःच्याच अंदाजाप्रमाणे दीडशेच्या आसपास वेळा मोलकरीण रंगवली.

एचबीओच्या ‘ऑझ’ (१९९७–२००३) या तुरुंगमालिकेत मोरेनो सिस्टर पीटर मारी झाल्या. साठीच्या पुढच्या वयात मिळालेली ही जोगीण मानसशास्त्र शिकलेली आहे, खुनी कैद्यांशी बोलते, त्यांच्यात गुंतते, फाशीला विरोध करते, श्रद्धेवर शंका घेते. ज्या नटीला स्टुडिओने निव्वळ शरीर म्हणून वापरले होते तिने येथे जवळजवळ सगळे काम डोळ्यांनी आणि थांबून ऐकण्याने केले आहे. तिच्या कारकिर्दीतला हा सर्वांत कमी चर्चेत आलेला आणि कदाचित सर्वांत पक्का अभिनय आहे.

‘वन डे अ‍ॅट अ टाइम’ (२०१७–२०२०) या मालिकेत परिस्थिती आणखी बदललेली दिसते. निर्माते नॉर्मन लिअर यांच्या सत्तरच्या दशकातल्या गाजलेल्या मालिकेची ही नवी आवृत्ती क्यूबन-अमेरिकन कुटुंबात घडते, आणि ती घडवणाऱ्या दोघांपैकी एक, ग्लोरिया काल्देरॉन केलेट, स्वतः क्यूबन-अमेरिकन आहेत. मोरेनो यांची लिडिया ही आजी. भूमिका स्वीकारताना त्यांनी एक अट घातली: या आजीला कामभावना असली पाहिजे. तरुण असताना ज्या गोष्टीपलीकडे त्यांना काहीच दिले गेले नाही, तीच गोष्ट ऐंशी ओलांडल्यावर त्यांनी मागून घेतली, कारण म्हाताऱ्या बाईला ती नाकारणे हाही साचाच आहे. लिडियाचे उच्चार स्पॅनिश वळणाचे आहेत, ती पडदा बाजूला सारून झोकात प्रवेश करते. पण फिडेल कास्ट्रोच्या क्यूबातून एकटी निघून आलेली, बहीण मागे राहिलेली मुलगीही तिच्यात आहे. नेटफ्लिक्सने तीन हंगामांनंतर मालिका बंद केली; चाहत्यांच्या आग्रहानंतर चौथा हंगाम पॉप टीव्ही या वाहिनीवर आला.

एकीची कारकीर्द उजळली म्हणून सगळ्यांसाठी दार उघडले असे मात्र झालेले नाही. अमेरिकेच्या २०२० च्या जनगणनेत हिस्पॅनिक किंवा लॅटिनो लोकसंख्या ६ कोटी २० लाखांच्या घरात, म्हणजे जवळपास १९ टक्के होती. दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अभ्यासकांनी २००७ ते २०१९ मधल्या सर्वाधिक चाललेल्या १,३०० चित्रपटांतली बोलणारी पात्रे मोजली, त्यांत लॅटिनो पात्रे ५ टक्क्यांच्या आसपास निघाली. लॅटिनो समाजाच्या आतही उतरंड आहे. २०२१ मध्ये ‘इन द हाइट्स’ चित्रपटात काळ्या वर्णाचे लॅटिनो नट प्रमुख भूमिकांत नाहीत अशी टीका झाली, तेव्हा मोरेनो यांनी निर्माते लिन-मॅन्युएल मिरांडा यांची जाहीर बाजू घेतली. त्यावर लोक संतापले. दुसऱ्याच दिवशी त्यांनी आपले बोलणे काळ्या लॅटिनोंचे दुःख बाजूला सारणारे होते हे मान्य करून माफी मागितली. एकेकाळी रंगभूषाकाराशी वाद घालणाऱ्या बाईलाही हा प्रश्न नव्याने समजून घ्यावा लागला.

त्याच वर्षी मारिएम पेरेस रिएरा दिग्दर्शित माहितीपटात मोरेनो यांनी आपली सगळी कहाणी सांगितली, आणि वर्षअखेरीस स्टीव्हन स्पीलबर्ग यांचा नवा ‘वेस्ट साइड स्टोरी’ आला. या वेळी पोर्तो रिकन पात्रांसाठी लॅटिनो नटच घ्यायचे असे ठरले होते. मारिया झाली रेचल झेग्लर, आईकडून कोलंबियन वंशाची. पात्रे आपसात स्पॅनिश बोलतात आणि त्याला मुद्दाम इंग्रजी उपशीर्षके दिलेली नाहीत. लेखक टोनी कुशनर यांनी जुन्या कथेतल्या दुकानदार डॉकच्या जागी त्याची पोर्तो रिकन विधवा व्हॅलेंटिना हे पात्र आणले आणि ते मोरेनो यांना दिले. त्या चित्रपटाच्या कार्यकारी निर्मात्यांपैकीही एक होत्या. अनितावर दुकानात हल्ला होतो ते दृश्य येथेही आहे. साठ वर्षांपूर्वी मोरेनो त्या घोळक्यात सापडलेल्या होत्या. या वेळी आत शिरून पोरांना थांबवणारी आणि तुम्ही बलात्कारी झालात असे तोंडावर सुनावणारी बाई त्याच आहेत. अनिता केली होती एरियाना डीबोझ यांनी, ज्यांच्या वडिलांचे कुटुंब पोर्तो रिकन आणि ज्या काळ्या वर्णाच्या आहेत. मार्च २०२२ मध्ये त्यांना याच भूमिकेसाठी सहायक अभिनेत्रीचे ऑस्कर मिळाले.

मोरेनो यांचे काम त्यानंतरही चालू आहे. २०२३ मध्ये ‘फास्ट एक्स’ या मोटारींच्या भरधाव चित्रपटात त्या टोरेटो कुटुंबाच्या आजी झाल्या. त्याच वर्षी ‘80 फॉर ब्रेडी’मध्ये जेन फोंडा, लिली टॉमलिन आणि सॅली फील्ड यांच्यासोबत अमेरिकी फुटबॉलचा अंतिम सामना पाहायला निघालेल्या चार मैत्रिणींपैकी एक. त्या पात्राचे नाव मॉरा. नवरा गेलेला, वृद्धाश्रमात राहणारी, पत्ते आणि जुगार यांत हात बसलेली, मैत्रिणींना सोडून राहू न शकणारी बाई. ती कुठल्या वंशाची आहे यावर त्या कथेत काहीच अवलंबून नाही.